राणीपदाच्या उंबरठ्यावर : गाब्रिएल देस्त्रे

१० एप्रिल १५९९. ईस्टरच्या आदल्या दिवशीची सकाळ. पॅरिसमध्ये मावशीच्या घरी, सव्वीशीच्या आसपासच्या एका स्त्रीने प्राण सोडला. अवघ्या काही दिवसांनी ती फ्रान्सची राणी व्हायची होती. तिचा चेहरा इतका काळवंडला आणि वेडावाकडा झाला होता, की पाहणाऱ्यांना ओळख पटेना. विषप्रयोगाची कुजबुज त्याच दिवशी सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या थांबली नाही.

गाब्रिएल देस्त्रे ही पिकार्दी प्रांतातील एका सरदार घराण्याची कन्या. तिचा जन्म १५७३ च्या सुमाराचा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील यादवीने तेव्हा फ्रान्स पोखरून निघाला होता. १५८९ मध्ये गादीचा वारस ठरलेला चौथा हेन्री प्रॉटेस्टंट असल्यामुळे राजधानी पॅरिस त्याला दारे उघडत नव्हती. या धामधुमीतच त्याची गाब्रिएलशी गाठ पडली आणि तो तिच्यात गुंतला. लोकापवाद टाळण्यासाठी १५९२ मध्ये तिचे एका सरदाराशी नावापुरते लग्न लावण्यात आले. पुढे ते रद्दही करण्यात आले.

गाब्रिएल केवळ राजाची प्रेयसी नव्हती. गरोदर असतानाही ती मोहिमांवर त्याच्यासोबत छावणीत राहत असे. ती स्वतः कॅथलिक होती. १५९३ मध्ये हेन्रीने कॅथलिक पंथ स्वीकारला, त्यामागे राजकीय गणित होते, तसा तिचा आग्रहही होता, असे मानले जाते. पुढच्याच वर्षी पॅरिसने त्याला स्वीकारले. १५९८ मध्ये ब्रिटनीतील बंडखोर ड्यूक शरण आला, तेव्हा त्याच्या मुलीची सोयरीक गाब्रिएलच्या थोरल्या मुलाशी ठरली. त्याच वर्षी नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना धर्माचरणाची मुभा मिळाली आणि देशाने उसंत घेतली.

१५९४ ते १५९८ या काळात तिने सेझार, कॅथरीन हेन्रिएट आणि अलेक्झांडर या तीन मुलांना जन्म दिला. लूव्र संग्रहालयातील एका प्रसिद्ध चित्रात ती आणि तिची बहीण दिसतात. मागे एक स्त्री शिवणकाम करीत बसली आहे. ती येणाऱ्या बाळाचा बाळंतविडा शिवते आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञात आहे.

राजाची विवाहित पत्नी मार्गारेट हिला मूल नव्हते आणि दोघे कित्येक वर्षे वेगळे राहत होते. हा विवाह रद्द करावा, अशी विनंती पोपकडे गेली होती. १५९९ च्या आरंभी हेन्रीने राज्याभिषेकाची अंगठी गाब्रिएलच्या बोटात घातली आणि ईस्टरनंतर विवाह करण्याचे ठरविले. दरबारात मात्र विरोध होता. राजाचा विश्वासू मंत्री स्युली याला हा विवाह मान्य नव्हता, आणि टस्कनीच्या ड्यूकची पुतणी मारी हिचे नावही राणीपदासाठी पुढे येत होते.

गाब्रिएल तेव्हा चौथ्यांदा गरोदर होती आणि निम्म्याहून अधिक दिवस भरले होते. ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा राजाने तिच्यापासून दूर राहून घालवावा, असा धर्मगुरूंचा सल्ला पडला. फाँतेनब्लोहून निघताना तिला रडू आवरेना. सीन नदीतून नावेने ती पॅरिसला आली आणि झामे नावाच्या इटालियन सावकाराच्या घरी जेवली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तिला अस्वस्थ वाटू लागले. पुढचे दोन दिवस भयंकर होते. डोके ठणकत होते, अंगाला आचके येत होते. दृष्टी गेली, वाचा गेली, शेवटी शुद्धही हरपली. वैद्यांनी तिच्या शरीरातून रक्त काढले, कारण तेव्हाचे शास्त्र तेच सांगत होते. गर्भ मृतावस्थेत बाहेर आला, तरी आचके थांबले नाहीत.

निरोप मिळताच हेन्री घोड्यावर निघाला. ती जिवंत असतानाच, ती गेल्याची खबर त्याला वाटेत देण्यात आली आणि तो परत फिरला. फ्रेंच राजांचा रिवाज मोडून त्याने शोकासाठी काळी वस्त्रे परिधान केली. राणीच्या इतमामात तिचे अंत्यविधी झाले. मोब्युइसाँच्या मठात तिचे दफन झाले. तिथली मठाधिपती तिची सख्खी बहीण होती. वर्षअखेरीस पोपने हेन्रीचा पहिला विवाह रद्द ठरविला आणि १६०० मध्ये मारी राणी झाली. साहजिकच झामेच्या घरचे जेवण आणि टस्कनीचा ड्यूक यांच्याकडे बोटे रोखली गेली.

विषाचा पुरावा कधीच मिळाला नाही. डोकेदुखी, अंधारी, आचके आणि बेशुद्धी हा क्रम आजच्या डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा एक्लॅम्पसिया, हेच तिच्या मृत्यूचे कारण असल्याचे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. या विकाराचे मूळ वारेत असते. तिथून बिघडलेला रक्तवाहिन्यांचा कारभार मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. प्रसूतीनंतरही काही काळ झटक्यांचा धोका राहतो.

तिला वाचविण्याचे साधन तेव्हा कुणापाशीच नव्हते. झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिन उतरते, हे लंडनच्या जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये दाखविले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये तयार केले. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट किती गुणकारी आहे, हे तर ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून २००२ मध्ये निर्विवाद ठरले. त्या औषधाने धोका निम्म्याहून खाली आला होता.

आज गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, की डॉक्टर सावध होतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर अचानक आलेली सूज, यांतले काहीही दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. दंडाला पट्टा आणि लघवीची साधी तपासणी, एवढे आता आरोग्य केंद्रातही होते. चारशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाच्या खजिन्यात ते नव्हते. म्हणून एका आजाराला विषाचे नाव मिळाले आणि एका सावकाराच्या माथी संशय कायमचा चिकटला.