ह्यू फाल्कनर : दातांवरून डुकरं ओळखणारा डॉक्टर

शाळेत प्रयोगशाळा नाही, संदर्भग्रंथ नाहीत, ही तक्रार मीही अनेकदा केली आहे. ह्यू फाल्कनर यांचं चरित्र वाचल्यापासून ती जरा जपूनच करतो.

फाल्कनर १८०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉरेस गावी जन्मले. डॉक्टर होऊन १८३० साली कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि १८३२ मध्ये सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. जवळच शिवालिकच्या टेकड्या. कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटली यांच्यासोबत ते तिथे जीवाश्म शोधू लागले. एकदा तर सहा तासांत तीनशेहून जास्त हाडं मिळाली! पण ती कुणाची? ताडून बघायला ना संग्रहालय, ना पुस्तकं. मग त्यांनी आजूबाजूला आढळणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे तयार केले आणि त्यांच्याशीच तुलना केली.

इथे दात कामाला आले. हाडं मोडतात, दातावरचं इनॅमल टिकतं. रानडुकराची दाढ बघा : बुटकी, गोलसर उंचवट्यांची. कंद, फळं, किडे, मिळेल ते चिरडणारी. शिवालिकमधल्या एका डुकराची दाढ मात्र उंच, आणि इनॅमलच्या घड्या घोड्याच्या दाढेची आठवण करून देणाऱ्या. म्हणून त्याचं नाव हिप्पोह्यस, म्हणजे घोडा-डुक्कर. खरखरीत चारा खाताना ज्यांच्या दाढा उशिरा झिजतात ते तगतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या दाढ उंच होत जाते, असं आज आपण सांगतो.

फाल्कनर यांना मात्र हे सहज पटलं नाही. हत्तींच्या दाढा दीर्घकाळ जशाच्या तशा राहिलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. प्राणी बदलतात हे त्यांनी पुढे मान्य केलं, पण नैसर्गिक निवड हे कारण त्यांना पुरेसं वाटेना. तरीही १८६४ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक डार्विन यांना मिळावं म्हणून त्यांनी जोर लावला. मुलांना सांगायला मला हाच भाग सगळ्यात आवडतो.

शिवालिकच्या जीवाश्मांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८४६ पासून भागाभागाने निघू लागला. पण १८४८ मध्ये ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानावर रुजू झाले आणि ग्रंथ अपुरा राहिला. डुकरांची चित्रं छापली गेली, वर्णन नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी ते लंडनमध्ये वारले. डुकरांचं राहिलेलं काम १८८४ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी आणि १९२६ मध्ये गाय पिलग्रिम यांनी पुढे नेलं, तेही मुख्यतः दातांवरूनच.