शब्दकोशात व्याकरण आणणारे शिक्षक : ए. एस. हॉर्नबी

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या वाचनालयात असो की एखाद्या ताई-दादाच्या टेबलावर, ऑक्सफर्डचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश तुम्ही पाहिला असेलच. शब्द अडला की आपण तो उघडतो, अर्थ पाहतो आणि मिटून ठेवतो. त्याच्या शीर्षकपानावर ए. एस. हॉर्नबी हे नाव छापलेले असते, तिकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे गृहस्थ म्हणजे परदेशात जाऊन तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवणारे एक शिक्षक. मुलाला व्याकरणाचे नियम पाठ आहेत, पेपरात गुणही मिळतात, पण चार वाक्ये बोलायची म्हटली की तोंड उघडत नाही, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. हॉर्नबी यांना हीच अडचण जपानमध्ये भेटली, आणि तिच्यावर उपाय शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवले.

अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन ते १९२२ मध्ये पदवीधर झाले. दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, जपानमधल्या क्यूशू बेटावरील ओइता या गावी शिक्षकाची जागा चालून आली. काम होते इंग्रजी साहित्य शिकवण्याचे. पंचविशीतला हा तरुण बोटीने हजारो मैलांवर गेला आणि पुढची अठरा वर्षे तिथेच राहिला.

वर्गात उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की या मुलांना साहित्यापेक्षा आधी भाषेची गरज आहे. त्या काळी जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याची रीत ठरलेली होती. इंग्रजी वाक्य घ्यायचे, प्रत्येक शब्दाखाली जपानी शब्द बसवायचा, मग ते शब्द जपानी क्रमाने लावायचे आणि नियम जपानीत समजावून सांगायचा. परीक्षाही त्याच पद्धतीची. त्यामुळे मुले अवघड उतारे सोडवीत, पण साधे वाक्य स्वतः बनवताना अडखळत. आपल्याकडचे चित्र याहून फार वेगळे आहे, असे म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास टोकियोत हॅरल्ड पामर नावाचे दुसरे इंग्रज शिक्षक काम करीत होते. पामर यांना १९२२ मध्ये जपानी शिक्षण खात्याचे भाषा-सल्लागार म्हणून बोलावण्यात आले होते, आणि १९२३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था सुरू झाली होती. भाषा आधी कानावर पडावी, मग कृतीतून तोंडात यावी आणि वाचन-लेखन त्यानंतर, असे त्यांचे मत होते. उभा राहा, दाराकडे जा, पुस्तक उचल, अशा आज्ञा इंग्रजीत द्यायच्या आणि मुलांनी त्या करून दाखवायच्या, हा त्यांच्या पद्धतीचा एक भाग. १९२५ मध्ये त्यांनी कृतीतून इंग्रजी शिकवण्यावर पुस्तकही काढले. हॉर्नबी या संस्थेच्या कामात ओढले गेले, पुढे टोकियोत शिकवू लागले आणि पामर यांचे निकटचे सहकारी झाले. १९३६ मध्ये पामर मायदेशी परतले, तेव्हा संस्थेच्या कामाची मोठी जबाबदारी हॉर्नबी यांच्यावर आली.

हॉर्नबी यांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ते मुलांच्या चुका बारकाईने पाहत. चूक दिसली की लाल रेघ मारून पुढे जावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. ही चूक झाली कशी, असे ते विचारीत. त्यांना दिसले की मूल चुकते ते बहुधा हुशारीमुळेच. एका क्रियापदाचे वाक्य कसे होते हे त्याला कळलेले असते, म्हणून ते दुसऱ्या क्रियापदालाही तेच रूप देते. ‘टेल मी द मीनिंग’ बरोबर आहे, मग ‘एक्सप्लेन मी द मीनिंग’ का चालू नये? पण ते चालत नाही. तिथे ‘एक्सप्लेन द मीनिंग टू मी’ असेच म्हणावे लागते. ‘आय वॉन्ट टू गो’ चालते, पण ‘आय एन्जॉय टू गो’ चालत नाही.

मराठी मुलांनाही इथेच ठेच लागते. ‘मला सांगा’ आणि ‘मला समजावून द्या’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘मला’ एकाच जागी, एकाच रूपात बसतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाची बसण्याची तऱ्हा वेगळी. घरातला सोऱ्या आठवा. चकलीची ताटली लावली तर चकली पडते, शेवेची लावली तर शेव. इंग्रजी क्रियापदांचेही असेच ठरावीक साचे असतात, आणि कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे केवळ अर्थावरून कळत नाही. नेहमीच्या व्याकरणाच्या पुस्तकात कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या व्याख्या असत, आणि नेहमीच्या शब्दकोशात शब्दांचे अर्थ. मुलाला ज्याची गरज होती ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हरवले होते.

हॉर्नबी यांनी ती जागा भरून काढली. ई. व्ही. गेटन्बी आणि एच. वेकफील्ड या जपानमध्येच शिकवणाऱ्या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक नवा शब्दकोश रचला. त्यात क्रियापदांचे पंचवीस साचे सांगितले होते आणि क्रियापदापुढे त्याच्या साच्यांचा क्रमांक दिला होता. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, हेही खुणेने दाखवले होते. आपण सहज ‘फर्निचर्स’ किंवा ‘इन्फर्मेशन्स’ म्हणून जातो. त्या छोट्या खुणेकडे पाहण्याची सवय असेल तर ही चूक होत नाही. शब्द वापरून दाखवणारी वाक्ये तर पानोपानी होती. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना वाक्य रचताना काय अडेल, हा विचार करूनच ते पुस्तक लिहिलेले होते. १९४० मध्ये ते लिहून पूर्ण झाले.

आणि मग युद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्धात उतरला. ज्या देशात सतरा वर्षे शिकवले, तिथेच हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. इतक्या वर्षांची मेहनत तिथेच संपली असती तर नवल नव्हते. पण १९४२ मध्ये, युद्ध पेटलेले असताना, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने हा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला! दोन देश एकमेकांशी लढत होते, तेव्हा एका देशाच्या शिक्षकांनी रचलेले आणि दुसऱ्या देशाच्या प्रकाशकाने छापलेले हे पुस्तक मुलांच्या हाती पडत होते. विद्येला सीमा नसते असे आपण म्हणतो, त्याचा हा एक दाखलाच म्हणायचा.

त्याच वर्षी हॉर्नबी यांची सुटका होऊन ते मायदेशी परतले. पण विश्रांती घेण्याचा त्यांचा पिंड नव्हता. ब्रिटिश कौन्सिलतर्फे ते लगेच इराणला गेले आणि युद्ध संपेपर्यंत तेहरानमध्ये शिकवण्याचे काम करीत राहिले. १९४५ मध्ये लंडनला आल्यावर त्यांनी शिक्षकांसाठी नियतकालिक काढण्याचे मनावर घेतले. १९४६ मध्ये इंग्रजी अध्यापनाला वाहिलेले ते नियतकालिक सुरू झाले, आणि पहिले संपादक झाले हॉर्नबी. ते नियतकालिक आजही निघते. त्यांचा जपानमधला शब्दकोश ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये छापला. १९५२ मध्ये त्याला ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हे नाव मिळाले, आणि पुढे जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

वर्गात व्याकरण कसे शिकवावे, यावरही हॉर्नबी यांनी भरपूर लिहिले. त्यांचा आग्रह असा की नियम सांगण्याआधी प्रसंग उभा करावा. एक खिडकी घ्या. तिच्याकडे जाण्यापूर्वी शिक्षक सांगतात, मी खिडकी उघडणार आहे. उघडता उघडता सांगतात, मी उघडतो आहे. हात काढून घेऊन सांगतात, मी उघडली आहे. हे सारे इंग्रजीत. मग एक मुलगा उठतो, तीच कृती करतो, तीच वाक्ये म्हणतो. वर्ग त्याच्याविषयी तेच सांगतो. एका खिडकीत तीन क्रियारूपे शिकून होतात आणि काळाचे नाव फळ्यावर येते ते सर्वांत शेवटी. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणणाऱ्या मुलाला हे रूप चालू असलेल्या कृतीचे आहे, हे व्याख्येपेक्षा खिडकीमुळे लवकर कळते.

वाक्यरचनांवर आधारलेली ही पद्धत १९५० नंतर भारतातही पोचली. आपल्या हैदराबादेत १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली आणि देशभरातले शिक्षक इथे प्रशिक्षणासाठी येऊ लागले. आजचे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ ते हेच.

या पद्धतीला मर्यादाही होत्या, हे सांगायला हवे. हातात पेन धरून ‘हे पेन आहे’ असे पन्नास वेळा म्हणवून घेतले, तर तेही पाठांतरच होते. कारण ते पेन आहे हे सगळ्यांना दिसतच असते. बोलण्याला खरे कारण लागते. पुढच्या पिढीतील शिक्षकांनी नेमके हेच हेरले. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर व दक्षिणेतल्या काही शाळांत एक प्रयोग केला. मुलांना रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा द्यायचा, त्यावर इंग्रजीतून प्रश्न सोडवायला लावायचे, आणि व्याकरण त्या कामाच्या ओघात येऊ द्यायचे. तेच पेन पिशवीत लपवले आणि आत काय आहे ते इंग्रजीत प्रश्न विचारून ओळखायला सांगितले, की प्रश्नार्थक वाक्यांचा सराव हसतखेळत होतो.

हॉर्नबी यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळे त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो. शब्दकोशामुळे त्यांना मोठे उत्पन्न मिळू लागले होते. १९६१ मध्ये त्यांनी एक विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्याला देऊन टाकला. इतर देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी त्यातून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. परक्या मुलांना शिकवता शिकवता जे मिळाले, ते परक्या शिक्षकांच्या शिक्षणासाठी परत दिले. १३ सप्टेंबर १९७८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. निधीचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

पालकांनी या चरित्रातून एक गोष्ट घ्यावी. आपली मुले घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मैदानावर तेलुगू बोलतात. यातली मैदानावरची भाषा त्यांना कोणी व्याख्या सांगून शिकवलेली नसते. खेळात भाग घ्यायचा म्हणून ती येते. तेव्हा मुलाला वर्तमानकाळाचे प्रकार विचारण्याऐवजी, आज शाळेत काय काय झाले ते इंग्रजीत पाच वाक्यांत सांग, असे म्हणून पाहा. तो चुकला तर हसू नका. ही चूक कशी झाली असेल, हे त्याच्याबरोबर बसून शोधा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी शब्दकोश उघडाल तेव्हा अर्थ पाहून लगेच मिटू नका. शब्दापुढची बारीक खूण वाचा, खालचे वाक्य वाचा आणि त्याच साच्यात स्वतःचे एक वाक्य तयार करून मोठ्याने म्हणा. मुलांच्या चुका समजून घेणाऱ्या एका शिक्षकाने तुमच्यासाठीच ती खूण तिथे करून ठेवली आहे.