टॉमस ग्रॅहॅम

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर व्यापारउदिमाने गजबजून गेले होते. सूत कातणारे, कापड विणणारे, ते रंगविणारे आणि परदेशी धाडणारे यांची तेथे नित्य वर्दळ असे. अशा या शहरात एका सधन व्यापाऱ्याच्या घरी डिसेंबर १८०५ मध्ये टॉमस ग्रॅहॅमचा जन्म झाला. मुलाने धर्मशास्त्राचे अध्ययन करावे व चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची मनीषा होती. त्या काळी हा व्यवसाय मानाचा आणि पोटापाण्याच्या दृष्टीने निर्धास्त समजला जाई. रसायनशास्त्र शिकून पोट भरते, यावर मात फारच थोड्यांचा विश्वास होता.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८१९ मध्ये, टॉमस ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. तेथे टॉमस थॉमसन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या व्याख्यानांनी या अबोल मुलाचे मन वेधून घेतले. पदवी घेऊन तो पुढील अध्ययनासाठी एडिंबरोला गेला, तोपर्यंत आपली वाट कोणती हे त्याच्या मनात पक्के झाले होते. वडिलांना हे कळले तेव्हा त्यांच्या संतापाला सीमा राहिली नाही. धर्मोपदेशक होणार नसशील तर घरातून एक पैही मिळणार नाही, असे त्यांनी बजावले आणि ते शब्द खरे केले.

या कठीण दिवसांत आई आणि बहीण मार्गारेट या दोघींनी त्याला आधार दिला. एडिंबरोहून तो आईला नियमाने लांबलचक पत्रे लिही. लेखनाचे काम करून मिळविलेली आपली पहिली कमाई त्याने या दोघींसाठी भेटवस्तू घेण्यात खर्च केली. पुढे ग्लासगोला परतल्यावर त्याने गणिताच्या खाजगी शिकवण्या धरल्या, एक लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि कामगारांसाठी चाललेल्या संस्थेत व्याख्याने देण्यास आरंभ केला. १८३० मध्ये अँडरसन यांच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. ही वार्ता आली तेव्हा त्याची आई मृत्युशय्येवर होती. मुलाची निवड झाल्याचे ऐकूनच तिने डोळे मिटले.

ग्रॅहॅम हा काही फर्डा वक्ता नव्हता. बोलताना तो अडखळे, शब्दासाठी थांबे. तरीही त्याच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांची नावे पाहिली म्हणजे नवल वाटते. आफ्रिकेच्या अंतर्भागाचा शोध घेणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा त्यांपैकी एक. जेम्स यंग हा दुसरा. यंग हा सुताराचा मुलगा; दिवसा वडिलांच्या हाताखाली रंधा मारावा आणि रात्री ग्रॅहॅमच्या व्याख्यानाला यावे, असा त्याचा क्रम होता. पुढे ग्रॅहॅमने त्याला आपला साहाय्यक केले. याच यंगने दगडी कोळसा मंद आचेवर बंद भांड्यात तापवून त्यातून दिव्याचे तेल व मेण काढण्याची कृती शोधली, १८५० मध्ये तिचे एकस्व घेतले आणि अमाप संपत्ती मिळविली.

ग्रॅहॅमचे लक्ष मात्र एका साध्या प्रश्नावर खिळले होते. एखादा पदार्थ दुसऱ्या पदार्थातून वाट कशी काढतो? खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्याच वेळात तिचा सुवास दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचतो. वाऱ्याची झुळूकही नसताना हे कसे घडते? डोबेरायनर या जर्मन रसायनज्ञाने १८२३ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. तडा गेलेल्या काचपात्रात पाण्यावर हायड्रोजन वायू भरून ठेवला असता पात्रातील पाणी आपोआप वर चढले. ग्रॅहॅमने हा धागा पकडला. काचेच्या नळीचे एक तोंड त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गुडदीने बंद केले. त्या गुडदीच्या सूक्ष्म छिद्रांतून किती वायू बाहेर गेला आणि किती हवा आत आली, याची त्याने अनेक वायू घेऊन मोजदाद केली. वायू जितका हलका तितका तो जलद पसरतो. मात्र हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे त्याला आढळले. ऑक्सिजन हा हायड्रोजनच्या सोळापट जड आहे, म्हणून हायड्रोजनचा पसरण्याचा वेग त्याच्या चौपट. १८३१ मध्ये त्याने हा नियम एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. शाळेच्या पुस्तकांत तो ग्रॅहॅमचा नियम म्हणून आजही शिकविला जातो.

१८३७ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला. १८४१ मध्ये तेथे केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडे आले. १८५५ मध्ये सरकारने त्याला शाही टांकसाळीचा प्रमुख नेमले. एके काळी न्यूटनने भूषविलेले हे पद होते. परंतु तेथील कारभारात सुधारणा करू जाता जुन्या अधिकाऱ्यांचा विरोध त्याला सोसावा लागला. तांब्याच्या नाण्यांच्या जागी काशाची नाणी आणण्याचे १८६० मधील मोठे काम त्याच्याच देखरेखीखाली पार पडले. या धबडग्यात काही वर्षे त्याचे संशोधन जवळजवळ थांबले.

ते पुन्हा सुरू झाले ते मोठ्या जोमाने. वायूंप्रमाणेच पाण्यात विरघळलेले पदार्थही पसरतात, पण सर्वांची चाल सारखी नसते, हे त्याने पूर्वीच ताडले होते. मीठ व साखर झरझर पसरतात. डिंक, सरस आणि अंड्यातील पांढरा बलक अतिशय मंदगतीने. मग या दोहोंना वेगळे करणारी चाळणी का करू नये? यापूर्वी त्याने बैलाचे मूत्राशय आणि अंड्याचा बलक चढविलेले सुती कापड वापरून पाहिले होते. आता त्याने चर्मपत्री कागद घेतला. साधा कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे जाळे. तो क्षणभर गंधकाम्लात बुडवून लगेच धुतला की तंतू फुगून एकमेकांत मिसळतात, मोठी छिद्रे बुजतात आणि कागद कातड्यासारखा चिवट होतो. आठ-दहा इंच व्यासाच्या कड्यावर खंजिरीसारखा हा कागद ताणून बसवावा, त्यात मिश्रण ओतावे आणि ते पाण्यावर तरंगत ठेवावे, एवढेच त्याचे उपकरण! दिवसभरात साखर कागदातून पलीकडच्या पाण्यात उतरे आणि डिंक जवळजवळ जागच्या जागी राही.

१८६१ मध्ये त्याने हे संशोधन प्रसिद्ध केले. मागे राहणाऱ्या पदार्थांना त्याने सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. मराठीत त्यांना कलिल आणि या क्रियेला अपोहन म्हणतात. हे दोन वर्ग म्हणजे द्रव्याची दोन निरनिराळी जगेच होत, असे त्याचे मत होते. ते पुढे टिकले नाही. कलिल ही पदार्थाची एक अवस्था आहे, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. आणि डिंक, रबर, कापूस यांचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात, हे तर विसाव्या शतकात हेर्मान श्टाउडिंगर याने सिद्ध केले. पण चाळणी खरी होती. ग्रॅहॅमने तिच्यातून मूत्रही गाळून पाहिले, तेव्हा त्यातील यूरिया व क्षार पलीकडच्या पाण्यात उतरले.

या लहानशा प्रयोगाचे महत्त्व कळण्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ जावा लागला. मूत्रपिंडे निकामी झाली की यूरियासारखी घाण रक्तात साचते व रोगी दगावतो. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यात असताना विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सेलोफेनची लांब नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली आणि त्या नळीतून रोग्याचे रक्त खेळविले. सेलोफेनही लाकडाच्या लगद्यापासूनच, म्हणजे वनस्पतीच्या तंतुद्रव्यापासून बनते. १९४३ पासून त्याने उपचार केलेले सुरुवातीचे जवळजवळ सर्व रोगी वाचू शकले नाहीत. तरी तो खचला नाही. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि बरी होऊन घरी गेली.

अखेरच्या वर्षांत ग्रॅहॅम पुन्हा वायूंकडे वळला. रबराच्या पातळ पडद्याला छिद्रे दिसत नाहीत, तरी हवा त्यातून जाते. १८६६ मध्ये त्याने पडद्याच्या एका बाजूस निर्वात पोकळी करून पलीकडे आलेली हवा तपासली. साध्या हवेत ऑक्सिजन शेकडा २१ भाग असतो, तर या हवेत तो शेकडा ४१ हून अधिक भरला. विझू लागलेली काडी तीत पुन्हा पेट घेई. वायू रबरात आधी विरघळतो आणि मग पलीकडे निसटतो, हा त्याचा खुलासा आजही ग्राह्य आहे. बहुवारिकांच्या पडद्यांनी हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारे आजचे कारखाने याच तत्त्वावर चालतात. पुढे पॅलॅडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडोपट हायड्रोजन शोषून घेतो, हे त्याने दाखविले आणि त्या धातूची लहान पदकेही पाडून घेतली. टांकसाळीच्या प्रमुखाला ते शोभण्यासारखेच होते.

त्याने लग्न केले नाही. प्रकृती नाजूक असूनही तो शेवटपर्यंत काम करीत राहिला. १६ सप्टेंबर १८६९ रोजी लंडन येथे राहत्या घरी त्याचा अंत झाला आणि ग्लासगोच्या कॅथीड्रलमध्ये त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्यानंतर टांकसाळीचे ते पद स्वतंत्रपणे कोणासही दिले गेले नाही. ग्लासगोच्या जॉर्ज चौकात १८७२ मध्ये त्याचा बसलेल्या स्थितीतील पुतळा उभा राहिला. त्याचा खर्च जेम्स यंग याने, रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या त्या सुताराच्या मुलाने, केला होता. गुरूचे विखुरलेले निबंध एकत्र करून १८७६ मध्ये छापवून घेण्यातही त्याने पुढाकार घेतला. आणि तो ग्रंथ विक्रीस न ठेवता भेटीदाखल वाटला.