विश्लेषण : बोट हुकली, बर्फ सरकला, तरीही स्कीवरून ग्रीनलँड पार! कोण होते फ्रित्यॉफ नान्सेन?

मांजरसुंब्याच्या चौकात सोलापूरची गाडी हुकली, तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. तीही नाही मिळाली तर केजकडे, पाटोद्याकडे किंवा परत बीडकडे जाणारी वाट असतेच. गुलमर्ग, औली किंवा मनालीला स्कीइंगसाठी निघालेल्या पर्यटकाला मात्र इतके पर्याय नसतात. सुट्टी मिळते, विमानाचे तिकीट निघते, हॉटेलही ठरते. पण बर्फ पडेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. अशाच अनिश्चिततेत १८८८ मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणाने इतिहासातला सर्वात गाजलेला स्की प्रवास केला. तो तरुण म्हणजे नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन. त्यांनी काय ठरवले होते, काय बिघडले आणि पुढे हेच नाव एका पासपोर्टला कसे मिळाले, ते जाणून घेऊ.

स्कीइंगची सहल इतकी बेभरवशाची का?

स्कीइंगला केवळ थंडी पुरत नाही. उतारावर पुरेशा जाडीचा बर्फाचा थर लागतो. आपल्याकडे हिमालयात तो मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालींमुळे तयार होतो. त्या कमी आल्या की उतार कोरडे राहतात आणि जास्त आल्या की रस्ते व विमानसेवा बंद पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला होणाऱ्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. जिथे राष्ट्रीय स्पर्धेचे वेळापत्रक कोलमडते, तिथे चार दिवसांच्या सहलीचे काय होणार, याचा अंदाज करता येतो.

नान्सेन यांची तयारी कशी झाली?

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ झाला. वडील वकील होते. आईला मोकळ्या हवेत फिरण्याची आणि स्कीइंगची आवड होती. मुलाच्या पायात लहानपणीच स्की आले. तरुणपणी त्यांनी स्केटिंग आणि स्कीइंगच्या स्पर्धा गाजवल्या. शिक्षणासाठी मात्र त्यांनी प्राणिशास्त्र निवडले.

१८८२ मध्ये ‘व्हायकिंग’ या सीलच्या शिकारीच्या जहाजावरून ते आर्क्टिक समुद्रात गेले. हे जहाज बर्फात अडकले आणि लांबून ग्रीनलँडचा पूर्व किनारा दिसू लागला. हे बेट आडवे पार करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तिथेच शिरला. परतल्यावर बर्गनच्या संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूंचा अभ्यास आणि हिवाळ्यात स्की, असा त्यांचा क्रम होता.

१८८४ च्या हिवाळ्यात ख्रिस्तियानियाजवळच्या स्की स्पर्धेसाठी ते बर्गनहून डोंगररांगा ओलांडत स्कीवरून गेले आणि तसेच परतले. या दोन शहरांना जोडणारी रेल्वे १९०९ मध्ये पूर्ण झाली, यावरून त्या वाटेची कल्पना यावी. त्यांचा सराव हा असा होता. मैदानावरच्या फेऱ्यांपेक्षा अनोळखी उतार, बदलते हवामान आणि पाठीवरचे ओझे यांची सवय त्यांनी करून घेतली.

योजना उलटी का आखली?

ग्रीनलँडची वस्ती मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर होती. १८८३ मध्ये स्वीडनचे नॉर्डेनशॉल्ड आणि १८८६ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट पिअरी यांनी पश्चिमेकडूनच आत शिरण्याचा प्रयत्न केला आणि दोघेही अर्ध्यातून परतले. पश्चिमेकडून निघायचे तर तेवढेच अंतर पुन्हा मागे यावे लागे. नान्सेन यांनी उलट बाजू निवडली. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि वस्तीच्या दिशेने चालायचे. अंतर निम्मे झाले, पण परतीची वाटही संपली, कारण मागे ना घर होते ना जहाज.

ही योजना अनेकांना वेडेपणाची वाटली. नॉर्वे सरकारने पैसे नाकारले. कोपनहेगनचे व्यापारी ऑगस्टिन गामेल यांनी निधी दिला. उरलेली रक्कम विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आणि नान्सेन यांच्या खिशातून आली. पथक सहा जणांचे होते. नान्सेन यांच्यासह चौघे नॉर्वेजियन आणि सामुएल बाल्तो व ओले रावना हे उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी समाजाचे दोघे. हलक्या, रुंद पट्ट्यांच्या स्लेज आणि कमी इंधनात बर्फ वितळवणारा स्टोव्ह नान्सेन यांनी या मोहिमेसाठी तयार केला. निघण्याच्या अवघे काही दिवस आधी त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला आणि निकालाची वाट न पाहता प्रवास सुरू केला.

प्रत्यक्षात काय बिघडले?

जवळजवळ सगळेच. ‘जेसन’ जहाजाने १७ जुलै १८८८ रोजी त्यांना किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर सोडले. दोन होड्यांतून काही तासांत जमीन गाठायची होती. पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लाद्यांत होड्या अडकल्या आणि प्रवाहाने सगळ्यांना दक्षिणेकडे ओढून नेले. २९ जुलैला पाय जमिनीला लागले, तेव्हा ते ठरलेल्या जागेपासून सुमारे ३८० किलोमीटर दूर होते. बीडहून मुंबई जवळपास तेवढीच.

आता पुन्हा उत्तरेकडे वल्हवत जाणे आले. त्यात ऑगस्ट उजाडला. १५ ऑगस्टला उमिविक खाडीजवळून चढाई सुरू झाली. सुरुवातीच्या पट्ट्यात बर्फात भेगा होत्या आणि चढ तीव्र होता, त्यामुळे स्की स्लेजवरच बांधून ठेवावे लागले. पुढे वादळी पावसाने तंबूत कोंडले.

नान्सेन यांना वायव्येकडचे क्रिश्चन्सहॉब गाठायचे होते. अंतर सुमारे ६०० किलोमीटर. तिथून सप्टेंबरच्या मध्यावर वर्षातली शेवटची बोट युरोपकडे निघे. ऑगस्ट संपत आला तेव्हा ती बोट मिळणार नाही, हे उघड झाले. त्यांनी दिशा बदलली आणि थेट पश्चिमेकडे, गोडथॉब म्हणजे आजच्या नूक शहराकडे मोर्चा वळवला. त्यामुळे सुमारे १५० किलोमीटर वाचले.

त्यांच्या नियोजनातही एक उणीव राहिली होती. सोबतच्या वाळवलेल्या मांसात चरबी फार कमी होती. पोट भरूनही भूक भागत नसे. सप्टेंबरमध्ये ते सुमारे २,७१९ मीटर उंचीवर पोचले. कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून अधिक उंच. रात्री पारा उणे ४५ अंशांपर्यंत उतरला. पठारावर आल्यावर मात्र स्की कामाला आले आणि वारा मागून सुटला, तेव्हा दोन-तीन स्लेज एकत्र बांधून त्यांना शीड लावले गेले.

२६ सप्टेंबरला पश्चिमेकडच्या खाडीचा काठ आला, पण नूकपर्यंत जमिनीवरून जाणे जवळजवळ अशक्य होते. तंबूचे कापड आणि झुडपांच्या फांद्या वापरून त्यांनी एक होडी बनवली. नान्सेन आणि ओट्टो स्वेर्ड्रुप तीत बसून ३ ऑक्टोबरला नूकला पोचले. तिथल्या डॅनिश अधिकाऱ्याने आधी त्यांचे डॉक्टरेटबद्दल अभिनंदन केले आणि मग शेवटची बोट निघून गेल्याचे सांगितले.

बोट हुकल्यावर काय केले?

दक्षिणेला इविगतुत बंदरात ‘फॉक्स’ नावाचे जहाज अजून होते. कयाकवाल्यांकरवी तिथे पत्रे धाडली. जहाज थांबू शकले नाही, पण पत्रे घेऊन गेले आणि सहाही जण सुखरूप असल्याची बातमी युरोपला कळली. नान्सेन आणि सोबती सुमारे सात महिने नूकला अडकले.

हा काळ त्यांनी वाया घालवला नाही. स्थानिक इनुइट लोकांकडून नान्सेन कयाक चालवणे, शिकार आणि थंडीतले कपडे व अन्न यांचे शास्त्र शिकले. एप्रिल १८८९ मध्ये बोट आली आणि ३० मे रोजी ख्रिस्तियानियात हजारो लोकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी या प्रवासावर लिहिलेले पुस्तक १८९० मध्ये आले. त्यात स्कीच्या इतिहासावर एक प्रकरण होते. ते वाचून मध्य युरोपात स्कीइंगची लाट आली. ऑस्ट्रियाचे माथियास झ्डार्स्की यांनी हेच वाचून स्की मागवले आणि आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी नवे तंत्र घडवले.

नूकमधले धडे पुढे जीव वाचवून गेले. १८९३ मध्ये नान्सेन ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात गोठवून उत्तर ध्रुवाकडे वाहत निघाले. १४ मार्च १८९५ रोजी यल्मार योहानसेन यांच्यासह ते स्की आणि कुत्र्यांच्या स्लेज घेऊन जहाज सोडून निघाले. ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास, म्हणजे तोवर कोणीच गेले नव्हते इतक्या उत्तरेला पोचले आणि ध्रुवाचा हट्ट सोडून मागे वळले. वाटेत दोघांचीही घड्याळे बंद पडली आणि नेमके कुठे आहोत, हे कळेनासे झाले. अस्वल आणि वॉलरसचे मांस खाऊन त्यांनी दगडी झोपडीत हिवाळा काढला. १७ जून १८९६ रोजी त्यांना ब्रिटिश प्रवासी फ्रेडरिक जॅक्सन योगायोगानेच भेटले.

‘नान्सेन पासपोर्ट’ काय होता?

पहिल्या महायुद्धानंतर प्रवासातली अनिश्चितता लाखोंच्या जगण्याचा प्रश्न बनली. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये नान्सेन यांच्याकडे युद्धकैद्यांना घरी पोचवण्याचे काम दिले. दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी परतले. १९२१ मध्ये ते निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त झाले.

त्या वर्षी सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या अनेकांचे नागरिकत्व काढून घेतले. या लोकांकडे कुठल्याच देशाचा कागद उरला नाही. काम दुसऱ्या देशात असले तरी सीमा ओलांडता येत नव्हती. जुलै १९२२ मध्ये नान्सेन यांच्या पुढाकाराने एक ओळखपत्र मान्य झाले. तोच ‘नान्सेन पासपोर्ट’. पुढे आर्मेनियन निर्वासितांनाही तो मिळाला आणि पन्नासहून अधिक देशांनी त्याला मान्यता दिली. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह हे त्याचे धारक होते.

त्याला मर्यादाही होत्या. त्यातून नागरिकत्व मिळत नव्हते आणि सुरुवातीला तो देणाऱ्या देशात परत येण्याची हमीही नव्हती. पण कागद नसलेल्या माणसाला कायद्याच्या नजरेत अस्तित्व मिळाले. ऊसतोडीसाठी दरवर्षी मुलाबाळांसह जिल्हा सोडणाऱ्या बीडच्या कुटुंबांना परगावी चालणाऱ्या रेशनकार्डाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९२२ चे शांततेचे नोबेल नान्सेन यांना मिळाले, ते कैदी, निर्वासित आणि रशियातील दुष्काळग्रस्तांसाठीच्या कामाबद्दल.

आजच्या पर्यटकाने यातून काय घ्यावे?

परतीची वाट तोडण्याचे धाडस घेऊ नये, हे पहिले. ती सहा जणांची मोहीम होती आणि तिला नशिबाचीही साथ होती. घेण्याजोगी गोष्ट म्हणजे काय पक्के ठेवायचे आणि काय बदलते ठेवायचे, याची त्यांनी केलेली वाटणी.

त्यांची तयारी पक्की होती. मराठवाड्यात बर्फ नाही, पण मांड्या, गुडघे आणि तोल यांचा व्यायाम दोन महिने आधी घरीच सुरू करता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गुलमर्ग किंवा मनालीच्या सरकारी संस्थांतल्या प्रशिक्षण वर्गाची चौकशी करावी. तारखा आणि ठिकाण मात्र शक्य तितके बदलते ठेवावे. पैसे परत मिळण्याच्या अटी आधी वाचाव्यात, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा आणि ओळखपत्रांच्या प्रती जवळ असाव्यात. बर्फ नसेल, रस्ता बंद असेल किंवा प्रशासनाने थांबायला सांगितले असेल, तर बेत बदलण्यात कमीपणा नाही. नान्सेन यांनी ग्रीनलँडमध्ये दिशा बदलली आणि ध्रुवाच्या वाटेवरून तर मागेच फिरले. दोन्ही वेळा सोबतीही जिवंत परतले.

फेब्रुवारी १९३० मध्ये, ६८ व्या वर्षी, नान्सेन जुन्या मित्रांसोबत गेइलो या डोंगराळ गावी पुन्हा स्कीइंगला गेले होते. ते लवकर थकत असल्याचे सोबत्यांच्या लक्षात आले. परतल्यावर त्यांनी अंथरूण धरले आणि १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कार्यालयाला १९३८ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले.