माणसे पारखणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



बेळगावातील किर्लोस्कर रोडवरून आपण कितीदा तरी जातो. या रस्त्याला ज्यांच्यामुळे नाव मिळाले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपण लोखंडी नांगर तयार करणारे उद्योजक म्हणून ओळखतो. पण नांगर ज्या हातांनी घडला ते हात लक्ष्मणरावांनी कुठून आणले, कसे निवडले आणि कसे तयार केले, ही गोष्टही जाणून घेण्यासारखी आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की पुढे नोकरीचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. म्हणून हा लेख मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे या दोन गोष्टींची त्यांना मनापासून आवड. वडिलांची इच्छा नसतानाही थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे लवकरच लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? परंतु यंत्रांच्या आराखड्यांना रंगांची गरज नव्हती. लक्ष्मणरावांनी रंगचित्रे सोडली आणि यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. तेथील कार्यशाळेत हाताने काम करून यंत्रविद्याही त्यांनी आत्मसात केली.

इथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती जागा देण्यात आली. काम कोणाला किती येते यापेक्षा माणूस कोणत्या समाजाचा आहे, हे तिथे मोठे ठरले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. माणूस निवडताना अन्याय झाला की काय वाटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

बेळगावात रामुअण्णांच्या सोबतीने त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ आपली सुरुवात १८८८ या सालापासून मानते. हे बंधू सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. त्यानंतर वैरण कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही कामे सुरू झाली. लोखंडामुळे जमीन नासते अशी समजूत असल्याने शेतकरी नांगर घेईनात; पहिले नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले. जरा कुठे जम बसतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने उपनगर वसवण्यासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले.

त्या अडचणीत औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तिथे गेले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. अशा माळरानावर कामाला कोण येणार? शिकलेला कारागीर मुंबई-पुणे सोडून निवडुंगात राहायला तयार नव्हता. आसपासच्या गावांतील बहुतेकांनी यंत्र कधी पाहिलेही नव्हते. तंत्रशिक्षणाच्या शाळा आजच्यासारख्या तालुक्या-तालुक्याला नव्हत्या. म्हणजे प्रमाणपत्र पाहून माणूस घेण्याची सोयच नव्हती. लक्ष्मणरावांनी वेगळी रीत धरली. माणसाने काय शिकले आहे यापेक्षा तो काय शिकू शकेल, हे त्यांनी पाहिले.

त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांकडे पाहिले की हे लगेच पटते. अनंतराव फळणीकर शाळा अर्ध्यावर सोडलेले. पण कल्पक यंत्रज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले. मंगेशराव रेगे हे कारकून आणि हिशेबनीस. वसाहतीत डॉक्टर नव्हता तेव्हा औषधपाण्याची जबाबदारीही त्यांनीच उचलली. के. के. कुलकर्णी म्हणजे कोणतीही अडचण सोडवणारे हरहुन्नरी गृहस्थ. शंभुराव जांभेकर हेही सुरुवातीच्या भरवशाच्या मंडळींपैकी. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था सांभाळली. एका ठरावीक कामासाठी माणूस घ्यायचा आणि त्याला तिथेच जखडून ठेवायचे, असे इथे झाले नाही. ज्याला जे जमते असे दिसले, ते काम त्याच्याकडे गेले.

सर्वांत धाडसाची निवड होती रात्रीच्या पहारेकऱ्यांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसलेला होता. गावात त्यांना कोणी दारात उभे केले नसते. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वसाहतीचा पहारा दिला आणि तो विश्वास त्यांनी सार्थ ठरवला. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. ज्याला एकदा जन्मावरून डावलले गेले, त्याने आपल्या अंगणात ती चूक होऊ दिली नाही.

प्रशिक्षणाची रीतही साधी होती. शिकण्याची जागा म्हणजे कारखानाच. लक्ष्मणराव स्वतः परदेशी यंत्रांची पुस्तके व मासिके वाचून, यंत्रे खोलून आणि पुन्हा जोडून शिकले होते. सहकारीही काम करता करताच तयार झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पुढे पंप, अशा नव्या नव्या वस्तू तिथे बनू लागल्या. नवी वस्तू म्हणजे प्रत्येकाला नवा धडा.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की लक्ष्मणरावांना पदवीचे महत्त्व नव्हते. त्यांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांना १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत धाडले. १९२६ मध्ये ते यांत्रिक अभियंता होऊन परतले. कारखाना मोठा झाला की केवळ अनुभवावर भागत नाही, शास्त्रशुद्ध ज्ञानही लागते, हे लक्ष्मणराव जाणून होते. शाळा सोडलेले फळणीकर आणि अमेरिकेत शिकलेले शंतनुराव या दोघांनाही किर्लोस्करवाडीत जागा होती.

या पद्धतीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. सारे काही एका माणसाच्या नजरेवर अवलंबून होते. दोन-तीनशे माणसांना मालक नावाने ओळखू शकतो, हजारोंना नाही. म्हणूनच मोठ्या कंपन्यांत जाहिरात, लेखी परीक्षा, मुलाखत, उमेदवारीचा काळ अशा पायऱ्या आल्या. त्यामागचा हेतू चांगलाच आहे : वशिला चालू नये आणि सर्वांना एकच माप लागावे. शिवाय वसाहतीत नोकरी आणि घर एकाच हाती असल्याने कामगार मालकावर दुहेरी अवलंबून राहतो. मालक भला असेल तोवर ठीक, पण प्रत्येक मालक लक्ष्मणराव नसतो. म्हणून नियमही हवेत आणि नजरही हवी.

‘किर्लोस्कर ब्रदर्स’ १९२० साली लिमिटेड कंपनी झाली. कुंडल रोड स्टेशनलाही पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मित्रहो, गुण कमी पडले म्हणून खचू नका, आणि जास्त पडले म्हणून शिकणे थांबवू नका. रंग ओळखता येत नाहीत हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी हातातली पेन्सिल टाकली नाही. ती कुठे उपयोगी पडेल हे शोधले. पालकांना एवढीच विनंती की, घरातला पंखा किंवा मिक्सर खोलून बसणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी तो पुन्हा जोडता येतो का, हे त्याला विचारावे. आणि आम्हा शिक्षकांनी व विश्वस्त मंडळींनी विज्ञान प्रदर्शनासाठी मुले निवडताना गुणपत्रकाबरोबर मुलांच्या हातांकडेही पाहावे. शेवटच्या बाकावर एखादा फळणीकर बसलेला असू शकतो.