मातीच्या थरांत जुना पाऊस वाचणारे डॉ. सांकलिया

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून वाळूजमार्गे अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलात, की गोदावरी ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर नेवासे येते. ज्ञानेश्वरीमुळे हे गाव तुम्हाला ठाऊक आहेच. याच गावात प्रवरेच्या काठावर हजारो वर्षांपूर्वीचे हवामान आणि शेती मातीतून शोधणाऱ्या माणसाची ही ओळख.

घडण

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती वकील कुटुंबात झाला. बाळ इतके अशक्त होते की जगेल अशी आशा नव्हती. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ गुजरातीतून त्यांच्या वाचनात आला. फारसा कळला नाही, पण प्राचीन काळाचा शोध घ्यायचा हे तेव्हाच ठरले. पुढे लंडनला पीएच.डी. करताना त्यांनी उत्खननाचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले आणि १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले.

नदीचा काठ काय सांगतो?

विहीर खोदताना तुम्हाला काळी माती, पिवळी माती, गोटे, मुरूम असे थर दिसतात. सांकलियांनी गोदावरी, प्रवरेच्या उभ्या दरडींत हेच थर तपासले. मोठे गोटे वाहून आणायला जोरदार प्रवाह लागतो, तर बारीक गाळ संथ पाण्यात बसतो. थरांच्या या क्रमावरून ओल्या आणि कोरड्या काळांचा अंदाज बांधता येतो. त्याच थरांत सापडलेल्या दगडी हत्यारांवरून तेव्हा तिथे माणूस होता हे कळते. नुसत्या गोट्यांवरून पाऊस ठरवता येत नाही, हे नंतरच्या अभ्यासात दिसले. तरी महाराष्ट्रात या दिशेने पहिली मोठी पावले त्यांनीच टाकली.

जळके दाणे, जुनी पिके

१९५० च्या दशकात संगमनेरजवळच्या जोर्वे आणि नेवाशाच्या उत्खननांतून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी गावे उजेडात आली. १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन सुरू झाले. सांकलियांनी सहकाऱ्यांसोबत सुरू केलेले हे काम त्यांच्या निवृत्तीनंतरही १९८२ पर्यंत चालले.

धान्य जळून कोळसा झाले की ते कुजत नाही. अशा दाण्यांवरून तिथे जव, गहू, मसूर, कुळीथ अशी पिके होती हे समजले. गावाने नदीकाठी बांध घातला होता आणि पाण्याचा पाटही काढला होता. मात्र इ.स.पू. १००० नंतर चित्र बदलले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि जनावरांवर भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. पाऊस कमी झाल्याने हे घडले, असे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांचे अनुमान होते.

आजचा शोध

आज हेच काम तळ्यांच्या गाळातूनही होते. लोणार सरोवराच्या तळातील गाळाच्या अभ्यासातून सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ कोरडे काळ दिसले. इनामगावचा पडता काळ यांपैकी एकातही बसत नाही. म्हणून ते गाव उठण्यामागे फक्त पाऊस होता की आणखी काही, ही चर्चा अजून मिटलेली नाही. एकाच पुराव्यावर निष्कर्ष काढू नये, हा धडा यातून मिळतो.

१९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी लक्षात ठेवण्याजोगे

- विहीर किंवा शेततळे खोदताना प्रत्येक थराची खोली व प्रकार वहीत लिहा. पाणी कुठे मुरते, हे त्यावरून कळते.
- जुनी भांडी, हाडे किंवा हत्यारे दिसली तर काम थांबवून तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.
- सगळे क्षेत्र एकाच पिकाखाली आणू नका. इनामगावच्या शेतकऱ्याकडे तृणधान्य होते, कडधान्य होते, पाटही होता. तरीही त्याला दिवस कठीण गेले.
- पावसाची रोजची नोंद ठेवा. पुढच्या पिढीला तुमच्या शिवाराचे हवामान त्यातूनच समजेल.