डेव्हिड ससून

मुळशी खोऱ्यातील माले गावापासून मुंबईच्या गल्ल्यांपर्यंत ससून हे नाव परिचित आहे. कोणी आजारी पडले, की पुण्याचे ससून रुग्णालय प्रथम आठवते. परंतु हे नाव ज्या गृहस्थाचे, त्याने मुलांसाठी केलेले एक कार्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदाद येथील एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यात झाला. त्यांचे वडील तेथील सुभेदाराचे खजिनदार होते. पुढे सुभेदाराचा रोष ओढवला. डेव्हिड यांना कैदही भोगावी लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर जन्मभूमी सोडून ते इराणच्या बुशहर बंदरात गेले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईस येऊन स्थायिक झाले. उद्योगाच्या बळावर ते अल्पावधीत नामांकित व्यापारी बनले. मात्र त्यांच्या संपत्तीत चीनकडे जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता आणि त्या अफूने तिकडे असंख्य संसारांची धूळधाण केली, हेही विसरता येत नाही.

त्या काळी पोटासाठी भाकरी चोरणारे पोर आणि मुरलेला दरोडेखोर यांना एकाच तुरुंगात कोंडले जाई. मूल आत जाई ते अजाण, आणि बाहेर येई ते गुन्ह्याचे धडे गिरवून! १८५० च्या एका कायद्याने अशा मुलांना शिक्षेऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु त्यांना ठेवून घेणारी जागा हवी होती. १८५७ साली ससून यांच्या देणगीतून मुंबईत त्यांच्या नावाची उद्योग व सुधार संस्था उभी राहिली. तेथे मुलांना सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. ज्या हातांत बेडी पडायची, त्या हातांत रंधा आला.

१८६४ साली पुण्यात ससून यांचे देहावसान झाले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांच्यामागे १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला, १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा आला आणि १९२७ मध्ये मुंबईत बालसाहाय्य संस्था स्थापन झाली. आता २०१५ च्या कायद्यानुसार मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात ठेवता येत नाही.

तथापि, वेगळी इमारत बांधल्याने मूल सुरक्षित होतेच असे नाही. बंद दाराआड दुबळ्याला बलवान छळू शकतो, आणि रक्षकच निष्ठुर झाला तर मुलाने दाद कोणाकडे मागावी? म्हणून तेथे सतत जागती नजर हवी आणि मुलाचे म्हणणे ऐकणारा कान हवा. ससून यांनी दार उघडले; त्या दाराआड काय चालते ते पाहणे हे सर्व समाजाचे कर्तव्य आहे.